तिसाव्या फेरीचे वादळ

पंच म्हणून माझी निवड झाली ती खेळातले मला फार कळते म्हणून नव्हे. बी मिझाने कारण सरळ सांगितले होते. “म्वालिमू, तुम्ही कोणाशी भांडत नाही आणि कोणाकडे जेवायलाही जात नाही. सगळ्या टांगा शहरात असा पंच दुसरा मिळायचा नाही.”

मी एकतीस वर्षे शाळेचे ग्रंथालय सांभाळले. वर्गावर कधी गेलो नाही, तरी लोक मला म्वालिमू म्हणजे गुरुजीच म्हणतात, आणि दर वेळी मला वाटते, ही हाक दुसऱ्या कोणाची तरी आहे. पंचाच्या बाबतीतही तेच वाटले. पण नाही म्हणायला जी हिंमत लागते ती माझ्याकडे नव्हती, म्हणून हो म्हणालो.

बी मिझाचे झेरॉक्सचे दुकान बाजारामागच्या गल्लीत आहे. मागच्या खोलीत दोन कॉम्प्युटर, एक उभा पंखा आणि आठ प्लास्टिकच्या खुर्च्या. तिथे तरुण मंडळी जमतात आणि ‘बंदारी’ नावाचा खेळ खेळतात. दार-एस-सलामच्या चार मुलांनी तो बनवला आहे. दोन खेळाडू, त्यांची किनाऱ्यावरची दोन जुनी शहरे. जहाजे बांधायची, माल भरायचा, कोठारे राखायची, एकमेकांचा व्यापार तोडायचा. अशा चाळीस फेऱ्या. शेवटी ज्याचे शहर अधिक भरलेले, तो जिंकला. सगळे डोक्याचे काम. फक्त दर पाचव्या फेरीला कॉम्प्युटर प्रत्येकाच्या नावाने एक चिठ्ठी काढतो. बहुतेक वेळा ती कोरी निघते. कधी मासळी भरभरून लागते. कधी टोळधाड येते, कधी ताप, कधी वादळ. आलेल्या चिठ्ठीवर उपाय नाही.

या चिठ्ठीवरून त्या खोलीत जेवढे वाद झाले तेवढे खेळाच्या बाकी कशावरून झाले नसतील. सेंबोजा हा वीस वर्षांचा मुलगा, लुशोटोच्या डोंगरातून जमीनमोजणी शिकायला इथे आलेला. बोलणे मोजके, पावलेही मोजून टाकतो असे वाटावे असा. त्याचे म्हणणे, माझी चूक असेल तर मला मारा. चूक नसताना मारायचे असेल तर विचार करायला कशाला बसवता? किबिबी नेमकी उलट. ती बसतळावर तिकिटे विकते आणि दिवसभर ओरडून तिचा आवाज घोगरा झाला आहे. ती म्हणायची, चिठ्ठी नसेल तर जो हुशार तोच रोज जिंकेल, मग बाकीच्यांनी घरी जाऊन कांदे सोलावेत. वाऱ्यावर रागावणाऱ्या खलाशाने आणि प्रवाशांवर रागावणाऱ्या तिकीटवालीने धंदा सोडावा.

मला सेंबोजाचे ऐकताना सेंबोजाचे पटत असे आणि किबिबीचे ऐकताना किबिबीचे. बी मिझा याला निःपक्षपातीपणा समजत होती.

त्या रविवारी अंतिम सामना होता. जिंकणारा दार-एस-सलामला देशाच्या स्पर्धेला जाणार होता, आणि तिथे चांगले खेळलेल्या चौघांना खेळ बनवणारी ती मुले आपल्याकडे कामाला घेणार होती. वयाची अट पंचविसाची. सेंबोजाला अजून पाच वर्षे होती. किबिबीला पुढच्या महिन्यात पंचवीस पूर्ण होणार होती. तिने हे कोणाला सांगितले नव्हते. पण तिचा अर्ज मीच भरला होता, तिची जन्मतारीख माझ्याच अक्षरात लिहिली होती, आणि तेव्हापासून ती तारीख माझ्या डोक्यातून जात नव्हती. बसतळावर तिला बाकीचे तिकीटवाले ‘पडद्यावरची राणी’ म्हणून चिडवतात. ती त्यांना उलट शिव्या देते. यंदा नाही जमले तर ती चाळिशीतही तिथेच उभी राहून लुशोटो, कोरोग्वे असे ओरडत असेल, हे मला दिसत होते. पंचाला असे काही दिसू नये.

स्पर्धेचे नियमही मीच लिहून भिंतीवर लावले होते. चौथा नियम असा: वीज गेल्यास खेळ शेवटच्या नोंदलेल्या फेरीपासून पुन्हा सुरू होईल, आणि पुढे जे येईल ते दोघांनाही मान्य. खेळ प्रत्येक फेरीच्या शेवटी आपोआप नोंद ठेवतो. आमच्या गावात पडदा काळा झाला की कोणी कारण विचारत नाही. लिहिताना माझ्याही मनात दुसरे कारण आले नाही.

दुपारच्या नमाजानंतर सामना सुरू झाला. दोघे शेजारी शेजारी बसले, मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा. मी त्यांच्या मागे, भिंतीलगत, स्टुलावर. दोन्ही कॉम्प्युटर आणि पंखा एकाच लांब वायरीच्या बोर्डाला जोडलेले होते आणि तो बोर्ड माझ्या स्टुलाजवळ जमिनीवर पडलेला होता. सात-आठ जण बघायला होते.

एकोणतिसावी फेरी संपली तेव्हा किबिबी किंचित पुढे होती. तिची लवंगांनी भरलेली तीन जहाजे समुद्रात होती आणि ती बंदरात लागली असती तर सामना जवळजवळ संपला असता. तिसाव्या फेरीला चिठ्ठ्या निघाल्या. सेंबोजाची कोरी. किबिबीच्या पडद्यावर ओळ आली: वादळ. बाहेर गेलेली सर्व जहाजे बुडाली.

मागे कोणीतरी जीभ टाळ्याला लावून चुकचुकले. किबिबीने हनुवटीवर हात ठेवला आणि पडद्याकडे बघत राहिली. सेंबोजा हसला नाही, हे मी मुद्दाम लक्षात ठेवले आहे.

मी उठलो. का उठलो ते आठवत नाही. स्टूल सरकल्याचा आवाज झाला, पायाला काहीतरी लागले, आणि दोन्ही पडदे काळे झाले. पंख्याची पाती दिसू लागली.

“गेली,” बी मिझा म्हणाली, पाहुणा गेल्यासारखी.

आमच्याकडे वीज गेली की काय करायचे हे ठरलेले असते. सगळे उठून बाहेरच्या ओट्यावर गेले. तिथे म्हातारे मझे कोंबो आणि त्यांचे सोबती रोज बाओ, म्हणजे लाकडी पटाच्या खळग्यांतून बिया फिरवायचा जुना खेळ, खेळतात, आणि कॉफीवाला पितळी किटली घेऊन बसलेला असतो. किबिबी सगळ्यात शेवटी उठली. तिने मान मागे टाकून डोळे मिटले, मग तीही गेली.

मी खोलीत एकटा राहिलो. खाली वाकून बघितले. बोर्डाचा प्लग भिंतीतून दोन बोटे बाहेर आला होता. गल्लीपलीकडच्या शिंप्याचे विजेवरचे मशीन खडखडत होते आणि मला ते स्वच्छ ऐकू येत होते. मी हाक मारू शकत होतो. हाक गळ्यापर्यंत आलीही. पण तिच्या आधी चौथा नियम आठवला. खेळ एकोणतिसाव्या फेरीच्या शेवटापासून सुरू होईल. तिसाव्या फेरीच्या चिठ्ठ्या पुन्हा निघतील.

मी प्लग आत दाबला. पंखा फिरू लागला. बाहेरून कोणीतरी म्हणाले, आली.

सगळे परत येऊन बसले. तिसावी फेरी पुन्हा झाली. या वेळी दोघांच्याही चिठ्ठ्या कोऱ्या निघाल्या. किबिबीची तीन जहाजे समुद्रावर शांतपणे पुढे सरकली. सेंबोजाने भिंतीवरच्या कागदाकडे बघितले, बराच वेळ बघितले, आणि म्हणाला, “नियम आहे.” मग त्याने आपली चाल केली.

“वाऱ्याने नेलं आणि वाऱ्यानेच आणून दिलं,” किबिबी म्हणाली. ती कोणाकडेच बघत नव्हती.

एकतिसावी फेरी झाली. बत्तिसावी झाली. सेंबोजा भराभर खेळू लागला होता. हरायची खात्री झाली की तो असाच खेळतो. माझ्या अंगाला सदरा चिकटला होता. मी स्टुलावर बसत होतो, उठत होतो, पुन्हा बसत होतो. शिंप्याचे मशीन थांबेना. पुढच्या फेरीत ती जहाजे बंदराला लागणार होती, लवंग विकली जाणार होती, आणि त्यानंतर काहीच वेगळे करता आले नसते. मी शंभरपर्यंत आकडे मोजायचे ठरवले. पन्नास झाल्यावर पुन्हा एकापासून सुरू केले.

मी थांबा म्हणालो ते कोणालाच ऐकू गेले नाही. दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हा बी मिझाने वळून विचारले, पाणी देऊ का?

“वीज गेली नव्हती,” मी म्हणालो. “माझा पाय लागला. प्लग मीच परत लावला.”

नंतर जे झाले ते सगळे एकदमच झाले. कोणी म्हणाले, सामना रद्द करा. कोणी म्हणाले, पाय लागला तर लागला, नियम तो नियम. दुसऱ्याने विचारले, नियमात पाय कुठे लिहिलाय? बी मिझा म्हणाली, आधी सगळ्यांनी खाली बसा, खुर्च्या माझ्या आहेत. गलका ऐकून मझे कोंबो दारात आले. त्यांच्या मुठीत बाओच्या बिया होत्या. त्यांना या खेळाचा मनापासून तिटकारा आहे. ज्यात दैव घुसते तो खेळ नव्हे, जुगार, असे ते वर्षभर सांगत आले आहेत. त्यांनी काय झाले ते ऐकून घेतले.

“परवा आमच्या पटात बकरीने तोंड घातलं,” ते म्हणाले. “आम्ही काय बकरीशी वाद घातला? बिया होत्या तशा मांडल्या आणि खेळलो पुढे. तुमच्या डब्यात होतं तसं मांडता येत नाही?”

ओट्यावरची ती रीतच आहे. पट उलटला तर दोघांनी मिळून एकेक बी आठवून जागेवर ठेवायची. ज्याने एक जरी खोटी मांडली त्याला पुन्हा ओट्यावर जागा नाही.

सेंबोजाने सांगितले की वादळ परत बोलावता येत नाही. पण स्वतःचे जहाज स्वतः बुडवायचे बटण खेळात आहे. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून ठेवलेले. सगळे किबिबीकडे बघू लागले.

“का बुडवू?” ती म्हणाली. “चिठ्ठीवर रडायचं नाही, येईल ते घ्यायचं, हे या खोलीत सगळ्यांत मोठ्याने कोण म्हणत होतं? मीच. मघाशी वादळ आलं तेव्हा मी हूं की चूं केलं का? नाही. मग म्वालिमूंचा पाय आला. तोही न सांगता आला. वादळाला कोणी विचारलं होतं का, बाबा रे, मुद्दाम आलास का?”

“वादळाला विचारता येत नाही,” सेंबोजा म्हणाला. “यांना येतं.” तो माझ्याकडे वळला. “म्वालिमू, मुद्दाम केलं नसेल तर मला मान्य आहे. जसा वारा तसा पाय. मी एक शब्द बोलणार नाही. तुम्ही फक्त सांगा.”

“त्यात विचारायचं काय?” बी मिझा म्हणाली. “सत्तरीचा माणूस, धड दिसत नाही. म्हणा म्वालिमू, चुकून लागला म्हणून, आणि मोकळे व्हा.”

प्लग मागाहून गुपचूप लावला तो मुद्दामच, हे मी आधी सांगितले. सेंबोजा म्हणाला, ते वेगळे. खोटेपणा झाला, पण खेळ त्याने बदलला नाही. खेळ बदलला तो आधीच्या क्षणी, पाय लागला तेव्हा. त्या क्षणाचे सांगा.

तो मुलगा माझ्याशी फार न्यायाने वागत होता. किबिबी पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होती. एका शब्दाचे काम होते, आणि तो शब्द बहुधा खराही असेल. मी तो क्षण पुन्हा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. सामना सुरू होताना मी स्टूल जरा बाजूला सरकवले होते, कारण प्लग ढिला आहे हे मला दिसले होते. म्हणजे तो कुठे आहे हे मला माहीत होते. पडद्यावर वादळाची ओळ आली तेव्हा माझ्या आत कोणीतरी ‘नको’ म्हणाले, हेही नक्की. त्या ‘नको’च्या आणि पायाच्या मध्ये काही होते का? मी खूप शोधले. तिथे काहीच सापडले नाही, आणि काही नव्हते असेही म्हणता येईना.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो.

बी मिझाने कपाळावर हात मारला. हे काय उत्तर झाले, असे ती पुटपुटली. मझे कोंबो मुठीतल्या बिया खुळखुळवत उभे होते, ते थांबले. मला वाटले आता किबिबी मला काहीतरी बोलेल, आणि बोलली असती तर बरे झाले असते. ती पडद्याकडे वळली. पहिले जहाज निवडले. खेळ प्रत्येक वेळी विचारतो, नक्की बुडवायचे का? तिने हो दाबले. दुसरे जहाज. हो. तिसरे. हो.

“आता खेळू द्याल?” तिने मला विचारले.

तेहतिसाव्या फेरीपासून ती ज्या पद्धतीने खेळली तसे मी त्या खोलीत कोणाला खेळताना पाहिले नाही. तिने उरलेल्या होड्या मासेमारीला लावल्या, अर्धी कोठारे विकून टाकली, सेंबोजाच्या बंदरातून जाणारे धान्य वाटेतच विकत घेतले. मागाहून कळले की ही योजना तिने मघाशी, हनुवटीवर हात ठेवून बसली होती तेव्हाच केली होती. तरी अंतर मोठे होते. सेंबोजा पुन्हा सावकाश खेळू लागला होता.

पस्तिसाव्या फेरीच्या चिठ्ठ्या निघाल्या. किबिबीची कोरी. सेंबोजाच्या पडद्यावर: शहरात ताप. पाच फेऱ्या बंदर बंद.

त्याने पडद्याकडे एकदाच बघितले आणि मग मान वळवून माझ्याकडे. तेवढ्यात मलाही उमगले. जहाजे होती तशी बुडवता आली होती, पण चिठ्ठ्या होत्या तशा ठेवता येत नव्हत्या. खेळ बंद पडून पुन्हा सुरू झाला की कॉम्प्युटर सगळ्या चिठ्ठ्या नव्याने ढवळतो. माझा पाय लागला नसता तर पस्तिसाव्या फेरीला त्याच्या नावाने दुसरीच चिठ्ठी निघाली असती. कोरी असती, किंवा मासळीची, किंवा तापाचीच. हा ताप मात्र त्या प्लगमधून आला होता.

किबिबीने हात मागे घेतले होते. तिला कळायला वेळ लागत नाही. बी मिझा म्हणाली, “आता काय झालं? पुन्हा का थांबलात?”

मी सांगितले. सामना थांबवू का, असेही विचारले.

“तू म्हणशील तर मी उठते,” किबिबी सेंबोजाला म्हणाली. “खरंच उठते.”

“मघाशी तू तीन बुडवलीस,” तो म्हणाला. “आता ताप मी घेतो. चालव.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “आणि म्वालिमू, तुम्ही बसा. तुम्ही उठलात की काही ना काही होतं.”

खोली हसली. हसायला जागा मिळाल्यावर लोक गरजेपेक्षा जास्त हसतात, तसे हसले. मी बसलो.

चाळीस फेऱ्यांनंतर किबिबी अगदी थोडक्यात जिंकली. बी मिझाने शेंगदाण्याची चिक्की वाटली. दोघांनी हात मिळवले आणि बराच वेळ सोडले नाहीत. निकालाच्या कागदावर मला सही करायची होती. खाली ‘पंचाचा शेरा’ अशी रिकामी जागा होती. मी दोनदा लिहिले, दोनदा खोडले, आणि शेवटी ती जागा तशीच सोडून सही केली.

सेंबोजा पिशवी उचलून निघाला तेव्हा मी त्याच्यामागे ओट्यापर्यंत गेलो. त्यानेच सांगितले की पुढच्या वर्षी तो नाव देणार नाही. मझे कोंबोंनी त्याला बाओ शिकायला बोलावले आहे.

“तिथे बकरी निदान दिसते तरी,” तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

गुरुवारी सकाळी किबिबी दार-एस-सलामला निघाली. मी बसतळावर गेलो होतो; जावे की नाही हे ठरवण्यात उशीर झाला, आणि पोचलो तेव्हा ती खिडकीशी बसली होती. बाकीचे तिकीटवाले तिची बॅग टपावर फेकत होते आणि राणीसाहेब, राणीसाहेब असे ओरडत होते. तिने खिडकी सरकवली.

“खरंच माहीत नव्हतं?” तिने विचारले.

“खरंच,” मी म्हणालो. चार रात्री मी तेच शोधत होतो.

तिने मान हलवली. राग होता की नाही, कळले नाही. “तिथे कोणी विचारलं, टांगाहून तू कशी निवडली गेलीस, तर काय सांगू?”

“जे झालं ते सांग.”

“सगळं? वादळ, पाय, बकरी, ताप?” बस सुरू झाली होती, म्हणून ती आपल्या धंद्याच्या आवाजात ओरडून बोलत होती. “एवढं ऐकायला कोणाला वेळ आहे तिथे, म्वालिमू?”

मी काही तरी म्हणालो. बसच्या आवाजात मलाही ते ऐकू आले नाही.